पाणसळीवर पिकअप

केळीपट्ट्यात नवी गाडी दारात आली की तिची पाहणी वरूनच होते. हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, बॉनेटसमोर नारळ. मग पाहुणे हौद्याची लांबी विचारतात, मागचे पाटे मोजतात आणि पासिंगपेक्षा किती जास्त माल बसेल याचा हिशोब मनातल्या मनात करतात. वाकून खाली कोणी बघत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर आमच्याकडे बोलेरो पिकअप आली तेव्हाही असंच झालं.

गाडी पुतण्या चालवतो. काम ठरलेलं: बागेतून घड उचलून पॅकिंगच्या शेडवर न्यायचे, तिथून भरलेले बॉक्स सावद्याला, आणि अधूनमधून सातपुड्यातलं पाल गाव ओलांडून खरगोनकडे एखादी खेप. यात गाडीचा कस लागतो तो बागेत. ठिबकनं ओली झालेली काळी माती, दोन ओळींमधली अरुंद वाट, मागे घडांचं ओझं. पहिला-दुसरा गिअर आणि अर्धा दाबलेला क्लच यांवरच अर्धा दिवस जातो. वर मे महिन्यातलं आमचं ऊन, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो आणि गंमत अशी, की त्याच्याबद्दल गाडी अवाक्षर काढत नाही. इंजिन ऑइलचा दाब पडला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, इंजिन तापलं तर काटा चढतो. गिअरबॉक्समधल्या तेलासाठी दिवा नाही, काटा नाही, वर ओढून बघायला काडीही नाही.

विषय निघाला तो शेडमधल्या सिमेंटवर दिसलेल्या एका डागामुळे. पुतण्या म्हणाला, "काका, नवी गाडी तेल टाकतेय." डाग जुना असू शकतो, दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. म्हणून रात्री गाडीखाली केळीच्या बॉक्सचा उलगडलेला पुठ्ठा सरकवला आणि पुढची चाकं कुठे येतात ते त्यावर खडूनं आखून ठेवलं. सकाळी पुठ्ठ्यावर एकच थेंब होता, पण जागा बोलकी होती: इंजिनाच्या मागे, ड्रायव्हरच्या सीटच्या जरा पुढे. कूलंट असतं तर रंग दिसला असता, एसीचं पाणी असतं तर वाळून गेलं असतं. हे मधासारखं पिवळसर होतं आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प होता. गिअर ऑइलचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. दातांवर प्रचंड दाब आला तरी तेलाचा थर तुटू नये म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घालतात, हा वास त्यांचाच.

गल्लीत एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक आप्पा राहतात. त्यांची उमेदीची वर्षं डबल क्लच मारून गिअर टाकायच्या काळात गेली. ते आले, पुठ्ठा हुंगला आणि म्हणाले, "गेरचंच आहे. पण थेंब पाहून घाबरायचं नसतं, आत किती आहे ते पाह्याचं असतं."

मॅन्युअल गिअरबॉक्समधलं तेल बघायची रीत ऐकायला अगदी सोपी आहे. गिअरबॉक्सच्या बगलेला एक प्लग असतो. तेल भरायचं भोक तेच आणि पातळी सांगणारंही तेच. प्लग काढला की तेल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं हवं. बोट आत घालून नखाला तेल लागलं की झालं. मात्र एक अट आहे, गाडी सपाट जागेवर उभी हवी. नाक वर असेल तर तेल मागे सरकतं, एका अंगाला कललेली असेल तर भोकाकडे येतं किंवा भोकापासून दूर जातं. मग भरलेला गिअरबॉक्स रिकामा वाटतो आणि रिकामा भरलेला.

आता सपाट जागा शोधायची तर कुठे? शेडची फरशी घड धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून नालीकडे उतरती. घरचं अंगण पावसाचं पाणी रस्त्यावर जावं म्हणून पुढे उतरतं. रस्ता दोन्ही कडांना. पाणी साचू नये म्हणून आपण बांधलेली प्रत्येक जागा मुद्दाम उतरती केलेली असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. पुतण्या जॅक लावायला निघाला तर आप्पांनी हात धरला. "एक बाजू जॅकवर उचलली तं गाडी आणखी वाकडी होईन. अन् जॅकवरच्या गाडीखाली जायचं नसते, बापा."

शेजारी स्लॅबचं काम चालू होतं. आप्पांनी तिथल्या गवंड्याकडून पाणसळीची नळी मागवली, पाणी भरलेली पारदर्शक लांब नळी. गवंडीच घेऊन आला, गाडीला पाणसळ लावताना त्यानंही कधी पाहिलं नव्हतं. नळीचं एक टोक पुढच्या चाकाशी, दुसरं मागच्या चाकाशी धरून त्यानं फरक काढला, मग डाव्या-उजव्या चाकांमधला. पुतण्याला वाटलं होतं नळी चासीला लावायची. आप्पा म्हणाले, "रिकाम्या पिकअपची पाठ पाट्यांमुळे उंचच राह्यते. ते तिचं बसणं आहे. सरळ पाह्यजे ती जमीन." जेवढा फरक निघाला तेवढ्या जाडीच्या सेंट्रिंगच्या फळ्या चाकांखाली घातल्या, गाडी त्यांवर चढवली, पुन्हा नळी लावली. हँडब्रेक ओढला, चाकांना पुढून-मागून दगड दिले. तोवर सायलेन्सरही निवला होता. तापलेलं तेल फुगतं आणि गिअरच्या दातांवर चढलेलं असतं, ते खाली उतरायला थोडा वेळ द्यावाच लागतो.

गोणपाट अंथरून पुतण्या खाली सरकला. आधी चिंधीनं प्लगभोवतीची माती पुसली, नाहीतर तीच माती भोकातून आत जाते. आप्पा वरून सांगत होते, "बगलेचा खोल. खालचा नको. खालचा खोलला तं सगळं तेल अंगावर येईन." गिअर ऑइल बदलतानाही आधी बगलेचा प्लग सैल करून पाहायचा असतो. तळाच्या प्लगातून तेल सोडून दिलं आणि भरायचाच प्लग निघाला नाही, तर गाडी जागच्या जागी अडकते.

प्लग सुटला. काठावरून तेलाची बारीकशी धार आली, दोन थेंबांत थांबली. पुतण्यानं करंगळी घातली आणि नखापर्यंत सोनेरी तेल घेऊन हात बाहेर काढला. पातळी बरोबर काठाला. उन्हात धरून बघितलं तर तेल स्वच्छ होतं, दुधाळ नव्हतं. दुधाळ दिसलं असतं तर आत पाणी गेलंय असं समजायचं. आमच्याकडे ही भीती खरी आहे. पावसाळ्यात सुकी, मोर, भोकर या सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांवरचे फरशीपूल ओलांडावे लागतात. घाट उतरून तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि हवेसाठी ठेवलेल्या श्वासनळीतून किंवा सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. मागच्या अ‍ॅक्सलमधला क्राऊन तर आणखी खाली असतो, म्हणून त्याचाही प्लग उघडून पाहिला. तोही ठीक होता.

मग थेंब कुठला? प्लगच्या आट्यांशी ओल दिसली. पुसून, पुस्तिकेत दिलेल्या जोरानं प्लग पुन्हा आवळला. दुसऱ्या रात्रीचा पुठ्ठा कोरा निघाला. ओल प्लगऐवजी मागे, जिथून प्रोपेलर शाफ्ट निघतो तिथल्या सीलजवळ असती, तर विषय आमच्या हातातला नव्हता. वॉरंटीतल्या गाडीचं ते काम सर्व्हिस सेंटरचं.

चहाला बसल्यावर आप्पांनी एक गोष्ट बजावली. कमी वाटलं म्हणून दुकानातून दिसेल ते 'गेर ऑइल' आणून ओतायचं नाही. डब्यावर ८०डब्ल्यू-९० असा दाटपणा लिहिलेला असतो, पण त्याच्या शेजारचं जीएल-४ की जीएल-५ हे जास्त महत्त्वाचं. क्राऊनमध्ये दात एकमेकांवर घासत फिरतात, तिथे जीएल-५ चा तिखटपणा लागतो. गिअरबॉक्समध्ये मात्र गिअर अलगद पडावा म्हणून बहुधा पितळी रिंगा असतात, आणि जास्तीची गंधकद्रव्यं त्या रिंगांना खाऊ शकतात. कोणतं तेल घालायचं हे आपल्या गाडीच्या पुस्तिकेनं सांगायचं, दुकानदारानं नाही. काठाच्या वर भरणंही वाईटच, जादा तेल घुसळून फेसाळतं, तापतं आणि सीलमधून वाट काढतं.

हे सगळं मी टेक्सासमधल्या मावसभावाला फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला. त्याची पिकअप ऑटोमॅटिक. तिथे तेल नुसतं दात ओले ठेवत नाही, इंजिनाची ताकद तेलातूनच पुढे जाते आणि गिअरही तेलाच्याच दाबावर बदलतात. म्हणून पातळीत थोडा फरक पडला तरी गाडी झटके देते. त्याच्याकडे मोजणी इंजिन चालू ठेवून आणि तेल ठरावीक तापमानाला आल्यावरच करायची. आमची थंड आणि बंद, त्याची गरम आणि चालू. सपाट जमिनीची अट मात्र दोघांनाही सारखीच.

एवढा खटाटोप करून निघालं काय, तर सगळं ठीक आहे. काही लोकांना यात वेळ वाया गेला असं वाटलं. मला तसं वाटत नाही. भरलेला गिअरबॉक्स कसा दिसतो, त्याचं तेल कोणत्या रंगाचं, प्लगभोवती किती ओल चालते, तिसऱ्या गिअरचा आवाज कसा, हे गाडी नवी असतानाच पाहून ठेवावं लागतं. दोन वर्षांनी बेअरिंग गुणगुणायला लागलं की तुलना करायला काहीतरी हवं ना.

पहिल्या फ्री सर्व्हिसला पुतण्यानं काउंटरवर चावी देऊन बाकावर बसायचं नाकारलं. गाडी लिफ्टवर चढल्यावर तो खाली उभा राहिला, दोन्ही प्लग समोर उघडायला लावले आणि जॉब कार्डावर 'गिअरबॉक्स व क्राऊन पातळी पाहिली' असं लिहून घेतलं. मेकॅनिक कुरकुरला नाही, उलट त्यानं स्वतःहून श्वासनळी कुठे असते ते दाखवलं. लिफ्ट सपाट असते, उजेड असतो, हत्यारं असतात आणि तपासणीचे पैसे पडत नाहीत. नवी पिकअप घेणाऱ्यानं पाणसळ आणि फळ्या जमवण्याआधी एवढं तरी मागून घ्यावं.