पत्ता आणि पुढ्यातला पैसा



आज थोडं पत्त्यांबद्दल लिहितो. शेवटी शेतावरच येणार आहे.

कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीला तीन पत्तीचा डाव बसायचा. दहावी पास झालो आन् मीबी बसायला लागलो. एका रात्री राजाची जोडी आली. मधी पडलेले फक्त २५ रुपये, माझ्या खिशात हरभऱ्याच्या बियाण्याचे ४५० रुपये. समोरचा चाल वाढवत गेला, मी भरत गेलो. शो झाला तर त्याच्याकडं कलर! बियाणं तिथंच गेलं.

चुलते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पत्ता वाईट नव्हता रे. पण २५ रुपयांसाठी ४५० कशाला लावलंस?"

हीच गोष्ट. सगळे पत्ता बघतात, पण पुढ्यात किती आहेत आन् मधी किती आहेत, हे कुणी बघत नाही. मधी १००० पडलेत, पुढ्यात ३०० उरलेत आन् तेवढ्यात शो मागता येतोय, तर तीच राजाची जोडी टाकून द्यायची नाही. चार वेळा असं केलं आन् तीनदा हरलो तर ९०० जातात, एकदा जिंकलो तर १००० येतात. पण मधी १०० आन् पुढ्यात ३००० असतील, तर त्याच जोडीवर सगळं लावणं म्हणजे खुळेपणा. पत्ता तोच, निर्णय उलटा. पोकरवाले याला 'स्टॅक टू पॉट रेशो' म्हणतात. म्हणजे पुढ्यातल्या पैशाला मधल्या पैशानं भागायचं.

आता शेतावर येतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात बोअर मारला. ३५० फूट गेलो, नुसता फुफाटा. ६० हजार गेले. हातात पेरणीचे ७० हजार होते. मनात आलं, एवढे घातलेत तर अजून एक मारूच. मारला. तोबी कोरडा. त्या खरिपात बियाणं, खत सगळं उधारीवर आणलं आन् व्याज दोन वर्षं फेडलं.

माझी चूक कुठं झाली? पहिल्या बोअरचे ६० हजार मधी पडलेत असं मी धरलं. पत्त्यात मधला पैसा जिंकणाऱ्याला मिळतो. कोरड्या बोअरमधला पैसा कुणालाच मिळत नाही. दुसरा बोअर हा नवा डाव होता, आन् आपल्या काळ्या पाषाणात भेग कुठं लागंल हे कुणी छातीठोक सांगत नाही. असल्या डावात मी अख्खी पेरणी लावली.

उलटं उदाहरण २०२४ चं. चार एकर सोयाबीन शेंगा भरण्यात होतं, अळी पडली. ओळीत मोजली, नुकसानीच्या पातळीच्या वर होती. हातात ८ हजार, फवारणीला मजुरीसकट ६ हजार. घरचे म्हणाले, सणासुदीला काय ठेवणार? पण रानात अंदाजे २४ क्विंटल उभं होतं. ४२०० चा भाव धरला तर लाखाचा माल. दोन क्विंटल वाचलं तरी फवारणी निघत होती. खिसा रिकामा करून फवारलं, आन् त्याचा पस्तावा नाही.

म्हणून आता मोठा खर्च करायच्या आधी वहीत तीन ओळी लिहितो: हातात किती आहेत, रानात खरंच वाचवण्यासारखं किती उभं आहे, आन् हे पैसे गेले तर पुढची पेरणी होती का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं आन् दुसऱ्या ओळीत काहीच नसलं, तर पत्ते खाली ठेवायचे.

पैशाचे पत्ते खेळा असं मी सांगत नाही. माझे तर त्याच दिवाळीला सुटले. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, ते बरंच झालं. आपल्याला पावसाचा जुगार पुरेसा आहे. त्यात निदान पुढ्यातले पैसे मोजून बसावं.