सेलबर्नचे तीन वटवटे

दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात सेलबर्न नावाचे लहानसे खेडे आहे. गावामागे खडूच्या दगडाची उभी टेकडी आणि तिच्या अंगावर बीच वृक्षांचे दाट रान. गिल्बर्ट व्हाइट व त्यांच्या भावाने १७५३ साली या चढणीवर खोदलेली नागमोडी वाट आजही वापरात आहे. व्हाइट हे पेशाने धर्मोपदेशक. परंतु हवामान, फुलोरा आणि पक्ष्यांचे येणे-जाणे यांची त्यांनी ठेवलेली टिपणे एखाद्या चोख रोजकीर्दीसारखी आहेत.

वसंतात या रानात दूर दक्षिणेकडून इवलेसे वटवटे येतात. वजन जेमतेम आठ-दहा ग्रॅम, पाठ हिरवट, पोट फिकट पिवळसर. पानांआड क्षणभरही स्थिर न राहणाऱ्या या पक्ष्यांतील भेद डोळ्यांना सहसा उमगत नसे. व्हाइट यांनी कान दिला. एकाचे दोनच स्वर, ठेका धरल्यासारखे पुनःपुन्हा येणारे. दुसऱ्याची तान वरून हलकेच उतरत विरणारी. तिसऱ्याचा सूर नाकतोड्यासारखा, तोही उंच बीचच्या शेंड्यावरून, आणि गाताना पंख थरथरणारे. या तीन वेगळ्या जाती आहेत, असे त्यांनी १७ ऑगस्ट १७६८ च्या पत्रात टॉमस पेनंट या निसर्गअभ्यासकांना निःशंकपणे कळविले.

पत्र लिहिताना तिन्हींचे मृत नमुने त्यांच्यासमोर होते, हे झाकण्याचे कारण नाही. त्या काळी पक्षी हाती घेतल्यावाचून पिसांची पारख होत नसे. तथापि पत्रात पहिला पुरावा मांडला आहे तो आवाजाचा.

पहिला पक्षी चिफचॅफ. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘कोलिबिटा’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ सराफ! कोणी बसून नाणी मोजावीत, तसा त्याचा आवाज. त्याचा सैबेरियातील भाऊबंद हिवाळ्यात भारतातही उतरतो. दुसरा विलो वॉर्बलर रूपाने त्याच्याशी इतका जुळतो की जाणकारही पाय न्याहाळतात: चिफचॅफचे काळपट, याचे बहुधा फिकट. शिवाय सहारा ओलांडणाऱ्या विलो वॉर्बलरच्या पंखांची टोके अधिक लांब असतात.

तिसरा वुड वॉर्बलर. ब्रिटनमधील धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आता त्याचे नाव आहे आणि दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच रानांतून तो नाहीसा झाला आहे. नागमोडी वाटेने एप्रिलअखेर चढणाऱ्याला पहिले दोन आवाज ऐकू येतात. तिसऱ्यासाठी बीचच्या शेंड्यांकडे कान लावून बराच वेळ थांबावे लागते, आणि बहुधा तसेच परतावे लागते.