जुन्या होम थिएटरसाठी प्लेअर

अब्बांच्या होम थिएटरचा डीव्हीडी प्लेअर बंद पडला. अ‍ॅम्प्लिफायर जुना, त्याला एचडीएमआय नाही. मागे लाल-पांढऱ्या वायरींची जागा आणि एक ऑप्टिकल. पुसदच्या बाजारात दुकानदाराने ब्लू-रे प्लेअर दाखवला. त्याला नुसतं एचडीएमआय! आवाज स्पीकरपर्यंत कसा जाणार?

ऑप्टिकलमधून सिनेमाचा डॉल्बी डिजिटल ५.१ आवाज जातो, लाल-पांढऱ्या वायरींतून दोनच चॅनेल. म्हणून मी ऑप्टिकलवाला शोधत होतो. अब्बा म्हणाले, "बेटा, सिनेमा कुणाला पाहायचाय?"

त्यांना आपाच्या निकाहची डीव्हीडी हवी होती. रुखसतीच्या वेळी अम्मी दुआ देते, तो आवाज दोनच चॅनेलचा आहे. अम्मी आता नाही. लाल-पांढऱ्या वायरींचा साधा डीव्हीडी प्लेअर घेतला. पुरेसा आहे.