कापसाची आग आणि भारुंड पक्षी

आमच्या घरी गोष्ट सांगण्याचा मान बापूजींचा होता. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून ते पुन्हा पेढीवर जात, रोजमेळ मिटवून परत येत आणि ओसरीवर बसत. आम्ही भावंडे त्यांच्याभोवती गोळा होत असू. त्यांच्या तोंडून सर्वांत अधिक वेळा ऐकलेली कथा चारुदत्ताची. चंपानगरीच्या श्रेष्ठीचा हा पुत्र वाईट संगतीत वडिलार्जित संपत्ती घालवतो आणि ती पुन्हा मिळवण्यासाठी व्यापाराला निघतो. चीनस्थान, सुवर्णभूमी, यवद्वीप, सिंहल अशी बंदरे पालथी घालतो. गलबत फुटते, फळीच्या आधाराने तो किनारा गाठतो. पुढे बोकडाच्या कातड्यात शिरलेल्या त्याला विशालकाय भारुंड पक्षी मांसाचा गोळा समजून उचलतो आणि आकाशमार्गाने घेऊन जातो. पक्षी आला की आम्ही श्वास रोखून धरत असू.

गेल्या दिवाळीत ही कथा मी नातीला सांगितली. ती महाविद्यालयात साहित्य शिकते. ती म्हणाली, “आजोबा, ही फँटसी आहे. बंदरांची नावे खरी, पण पक्षी खोटा. आजचा लेखक यांतले एकच काहीतरी निवडील.” मी काही बोललो नाही, परंतु तिच्या या वाक्याने चाळीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

त्या दुपारी पुण्यातील एका ग्रंथालयात ‘वसुदेवहिंडी’चा भोगीलाल सांडेसरा यांनी केलेला, 1946 साली प्रसिद्ध झालेला गुजराती अनुवाद माझ्या हाती आला. संघदासगणींचा हा महाराष्ट्री प्राकृतातील ग्रंथ सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. बापूजींच्या चारुदत्ताला मी त्यात शोधू लागलो. तो सापडला, मात्र त्याच्या प्रवासाच्या आरंभी, गलबतावर चढण्याच्याही आधी, एक प्रसंग होता जो आम्ही कधीच ऐकला नव्हता. चारुदत्त मामासह कापूस खरेदी करतो, तो लादून ताम्रलिप्तीकडे निघतो आणि वाटेत वणवा लागून सारा कापूस जळून जातो.

मी पुस्तक मिटले. मी आठ वर्षांचा असताना खानदेशातील आमच्या वखारीला आग लागली होती. रुईच्या गाठी तीन दिवस धुमसत होत्या. विम्याचा हप्ता भरायचा राहून गेला होता. बापूजींनी कोणाचाही पैसा बुडवला नाही. देणे फेडायला अकरा वर्षे लागली. त्या अकरा वर्षांत आगीविषयी घरात कोणी चकार शब्द काढला नाही. बापूजी आम्हांला आकाशात उडणारा पक्षी न अडखळता सांगत, परंतु जळलेला कापूस त्यांना सांगता येत नव्हता. अद्भुत त्यांना सोपे होते. अवघड होते ते वास्तव.

नातीच्याच अभ्यासक्रमात गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची 1967 ची कादंबरी आहे, ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’. तिच्या आग्रहावरून मी ती वाचली. तिच्यात एक तरुणी चादरींच्या घड्या घालताना आकाशात निघून जाते आणि घरचे लोक ते मान्य करतात. त्याच गावात केळीच्या मळ्यांतील संपकरी मजुरांवर गोळीबार होतो. वाचलेला माणूस ते सांगत फिरतो, पण कोणी विश्वास ठेवत नाही. कोलंबियात 1928 साली अशी हत्या खरोखर घडली होती. मला तेथे आमची ओसरी दिसली. जे घडले तेच अविश्वसनीय ठरते, तेव्हा लेखक त्याच्या शेजारी एक चमत्कार आणून ठेवतो.

आपल्या कथाकारांना ही गोष्ट ठाऊक होती, असे मला वाटते. भारुंडाचे उड्डाण त्यांनी फुकट दिलेले नाही. कातडे हवे तर बोकड मारावा लागतो. ज्याने आपल्याला बिकट डोंगरवाट पार करून दिली त्याला मारायचे कसे, म्हणून चारुदत्त विरोध करतो. सोबती ऐकत नाही. चारुदत्त त्या जीवाला नमस्कारमंत्र ऐकवतो, एवढेच त्याच्या हाती राहते. आणि मग त्याच कातड्यात शिरून तोही उडतो. उड्डाण खोटे असेल. परंतु कोणाच्या जिवावर आपण वर गेलो, हा प्रश्न खोटा नाही.

आमच्या घरातही तो होता. आगीनंतर ताईची शाळा सुटली. माझी सुटली नाही. मी पुण्याला शिकायला गेलो. वर्गात पहिली येणारी ती होती.

भाऊबीजेला ताई आली होती. नातीच्या समोरच मी कथा पुन्हा सांगितली, या वेळी कापसासह. वखार, हप्ता, देणे, सारे सांगितले. नात गप्प झाली. ताई मात्र शांतपणे म्हणाली, “कापसाचा भाग मला माहीत आहे. शाळा सोडली त्या रात्री बापूजींनी मला एकटीला सांगितला होता.”

मी इतकी वर्षे समजत होतो की बापूजींना तो भाग सांगताच आला नाही. ज्याला सांगणे त्यांना लागत होते, त्याला त्यांनी सांगितला होता. आम्हां बाकीच्यांना पक्षी दिला.

आपल्या मुलांना गोष्टी सांगताना आपणही बहुधा पक्षीच देतो. तो अवश्य द्यावा. परंतु मुले मोठी झाली की एखाद्या दिवाळीत, वह्यांचे पूजन आटोपल्यावर, कापसाचे पानही त्यांच्यासमोर उघडावे.