चैत्रातला चिखल

आमच्या झाडीपट्टीत वसंत येतो तेव्हा तळ्यातलं पाणी जायला लागलेलं असतं. भंडारा-गोंदियाकडे गावोगाव माजी मालगुजारी तलाव आहेत, लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्याहून लहान ती बोडी. जमिनीचा उतार ओळखून कोहळी समाजातल्या जाणत्यांनी यांतल्या कितीतरी पाळी घातल्या, ते धानाच्या बांध्यांना पाणी मिळावं म्हणून. फाल्गुन सरता सरता बोडीचं पाणी ओसरतं आणि पाळीच्या समोरच्या अंगाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो.

तोवर तलवार बदकं उत्तरेला निघून गेलेली असतात, आणि त्यांच्या मागोमाग दुर्बिणी घेऊन येणारी माणसंही. बोडीवर आता पाहण्यासारखं काही नाही, असं ती सांगतात. मला मात्र खरी गंमत इथून पुढेच दिसते, आणि ती पाण्यात कमी, चिखलात जास्त असते.

पिवळे धोबी अजून असतात. हिवाळाभर मळकट दिसणारा हा पक्षी या दिवसांत पिवळाजर्द होतो. हळद आमच्या बोडीवर लागते, लग्न मात्र हिमालयापलीकडे. इथेच संसार थाटणारा म्हणजे कंठेरी चिखल्या. चार पावलं पळायचं, थबकायचं, चिखलात चोच मारायची. उघड्या जमिनीवर घातलेली त्याची अंडी जवळ जाऊनही दिसत नाहीत.

टिटवीचंही तसंच. तिची अंडी मोजून आमच्याकडे पावसाचा अंदाज बांधतात: जितकी अंडी तितके महिने पाऊस. टिटवी बहुधा चारच अंडी घालते, त्यामुळे हा अंदाज वेधशाळेला हेवा वाटावा इतका ठाम असतो! पण भर उन्हात ती काय करते ते बघावं. पाण्याच्या कडेला जाऊन पोटाची पिसं भिजवते, तशीच ओलेती परत येते आणि अंड्यांवर बसते. पाणी आणि घरटं यांत फार अंतर पडून चालत नाही, ते यासाठी.

दुपारी त्याच ओल्या कडेवर मधमाश्या उतरतात. त्या पाणी पोळ्यात नेतात, थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालून पोळं गार ठेवतात. शेजारी फुलपाखरांचा थवा चिखल चोखत बसलेला असतो. त्यात बहुतेक नरच. फुलांत न मिळणारे क्षार त्यांना इथे मिळतात. कुंभारमाशी चिखलाची गोळी उचलते आणि कुणाच्या तरी ओसरीकडे उडते. बेशरमीच्या वाळक्या काडीवर लालभडक चतुर शेपूट सरळ सूर्याकडे उभारून बसतो. अशाने अंगावर ऊन कमी पडतं.

आणि उथळ पाण्यात, बोटभर खोलीवर, माझा आवडता प्राणी: एक चपटा, तपकिरी पाणढेकूण. मादी अंडी चिकटवते ती नराच्या पाठीवर. ती निघून जाते. हा बिचारा (बिचारा का म्हणावं, कोण जाणे) पिल्लं बाहेर येईपर्यंत ते ओझं वागवतो, मधूनमधून पृष्ठभागाशी येऊन अंड्यांना हवा देतो. खोल पाण्यात हे आपल्याला कधीच दिसलं नसतं.

तालुक्याच्या गावी एका तलावाचं सुशोभीकरण झालं. चारही बाजूंनी दगडी भिंत, वर फिरायला फरसबंद वाट, बाकडी, रंगीत दिवे. पाणी आता भिंतीला भिडलेलं आणि कडा नाहीच. संध्याकाळी माणसं भरपूर असतात, ती खूशही असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टिटवीने पोट भिजवायला उतरावं कुठून?

गाळ काढायलाच नको, असंही मी म्हणणार नाही. 2017पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे आणि गाळाने भरलेली बोडी धानाच्या काय कामाची? आमच्या बोडीचं खोलीकरण ठरलं तेव्हा ग्रामसभेत पक्ष्यांचा विषय कसा काढावा, हे मला सुचेना. लोक हसले असते. तेवढ्यात मागे बसलेले एक म्हातारबा उठले. पक्ष्यांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

“तीन बाजूनं खणा न, किती खणाचं तं,” ते म्हणाले, “पण चौथी उतरतीच ठेवा. बैल काय शिडीनं उतरतीन?”

ठराव तसाच लिहिला गेला.