उंटावरून शेळ्या

‘उंटावरून शेळ्या हाकणे’ हा वाक्प्रचार मी शाळेत तीस-बत्तीस वर्षे मुलांना शिकविला, परीक्षेत त्याचा वाक्यात उपयोग करावयास सांगितला, आणि ज्यांनी तो चुकीचा केला त्यांचे गुण निष्ठुरपणे कापले. ज्याने उंटावर कधी पाय टाकला नाही व शेळीला कधी हात लावला नाही, अशा मनुष्याने हे काम इतक्या अधिकाराने करावे यात काही विसंगती आहे, असे मला त्या काळी कधीच वाटले नाही. उत्तरायुष्यात मात्र शेळ्यांशी माझा प्रत्यक्ष संबंध आला, आणि उंटावर बसलेला तो शहाणा कोण, याचा उलगडा मला झाला. तो उलगडा मला फार महाग पडला. म्हणूनच ही हकीगत सांगावीशी वाटते.

२००२ साली मी शाळेतून निवृत्त झालो आणि संगमनेर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी राहावयास गेलो. बरोबर पत्नी होती आणि माझी धाकटी बहीण होती. ही बहीण कितीतरी वर्षे आमच्याकडेच राहिलेली. माझ्या मुलांची ती आत्या. मुलांचे ऐकून ऐकून सारे घरच तिला आत्या म्हणू लागले, आणि तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असूनही मीही त्याच नावाने तिला हाक मारू लागलो. जमीन पाच एकर, तीही जिरायत. पावसाच्या लहरीवर असलेल्या त्या जमिनीत काय करावे याचा विचार चालला असता आत्याच म्हणाली, “दादा, शेळ्या घेऊ या. त्यांना फार लागत नाही.” आम्ही त्याच मुलखातील संगमनेरी जातीच्या सहा शेळ्या घेतल्या. पाचसहा वर्षांत त्या अठरा झाल्या.

शेळ्यांचे सारे करणे आत्याकडे होते. माझ्याकडे होती ती वही. मास्तरकीची सवय सुटता सुटत नाही. मी हजेरीपटासारख्या रेघा आखल्या आणि रकाने पाडले : शेळीचे नाव, माजावर आल्याची तारीख, फळविल्याची तारीख, विण्याची अपेक्षित तारीख, आणि शेवटी ‘शेरा’. या विषयावर जी पुस्तके मिळाली ती मी वाचून काढली, आणि मला कबूल केले पाहिजे की तो विषय मला व्याकरणाइतकाच नियमबद्ध व सुंदर वाटला. शेळी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते. माज दीड दिवस, फार तर दोन दिवस टिकतो. तेवढ्यात ती सारखी ओरडते, शेपूट हलविते, चारा टाकते, दुसऱ्या शेळ्यांवर चढू पाहते. गाभण राहिली तर सुमारे दीडशे दिवसांनी विते. न राहिली तर पुन्हा एकवीस दिवसांनी माजावर येते, त्याला ‘उलटली’ असे म्हणतात. जूनमध्ये फळविलेली शेळी नोव्हेंबरात विते, तेव्हा रानात पाला असतो आणि करडांना कोरडी जागा मिळते. पण फेब्रुवारीत फळविली तर करडे ऐन आषाढात जन्मतात, आणि ओल्या जमिनीवर त्यांना छातीचा विकार गाठतो. फळविण्यापूर्वी दोन-तीन आठवडे शेळीला मूठ-दोन मुठी मका अधिक घातला, तर जुळ्यांची शक्यता वाढते. पंचवीस-तीस शेळ्यांना एक प्रौढ बोकड पुरतो. मात्र दर दोन वर्षांनी तो बदलावा, नाही तर बाप-लेकींचा संबंध येऊन प्रजा दुबळी निपजते.

हे शेवटचे कलम वाचताना मला आपल्या समाजाची आठवण होऊन हसू आले. गोत्र टाळावे, पिढ्या मोजाव्यात, घराणे पाहावे, आणि एवढे करून शेवटी मुलगी गोरी आहे की नाही एवढ्यावरच विवाह ठरवावा, ही आपली रीत. बोकडाची निवड करताना मीही नेमके तसेच केले. २००८ च्या वैशाखात जुना बोकड बदलण्याची वेळ आली. एका मोठ्या कळपात सानेन या विलायती जातीचे रक्त असलेला एक बोकड मी पाहिला. शुभ्र वर्ण, भरदार छाती, शांत नजर. आणि विशेष म्हणजे तो भुंडा होता, त्याला शिंगे मुळीच नव्हती. “याचे आईबाप दोन्ही भुंडेच,” असे मालकाने अभिमानाने सांगितले. सुटीत नातवंडे यावयाची होती. जुन्या बोकडाने मागल्या वर्षी धाकट्या नातवाला ढुशी दिली होती. हा बोकड मला एखाद्या सुशिक्षित, सभ्य जावयासारखा वाटला. मी किंमत न पाडता तो घेतला.

जून लागला. पहिल्या सरी पडल्या आणि शेळ्या माजावर येऊ लागल्या. बोकड आपले काम उत्साहाने करीत होता आणि माझी वही झपाट्याने भरत होती. तीन आठवडे लोटले तोच पहिली शेळी उलटली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. जुलै संपेपर्यंत अठरांपैकी चौदा उलटल्या, त्यांपैकी काही तर दोनदा. मी अस्वस्थ झालो, पण गोंधळलो नाही. कारण मजजवळ प्रत्येकीसाठी कारण होते. एक म्हातारी झाली होती. एक अंगाने फार सुटली होती. एक पहिलटकरीण. एकीचे करडू नुकतेच तोडलेले. एक पावसात भिजली होती. शेऱ्याच्या रकान्यात मी ही सर्व कारणे सुवाच्य अक्षरात लिहिली. चौदा शेळ्यांच्या चौदा खोडी मला सापडल्या. त्या चौदांमध्ये समान असलेली गोष्ट एकच होती. ती शेजारच्या खुंट्याला बांधलेली असून शांतपणे रवंथ करीत होती. तिच्यासाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता.

त्या खांडात सगुणा नावाची शेळी होती. नाव आत्याने ठेवलेले. तिची चार वेते झाली होती, त्यांत तीन वेळा जुळी. आत्या दाराशी आली की ती खुंट्याशी उभी राही आणि आत्याच्या पदराचे टोक तोंडात धरी. सगुणा तीनदा उलटली. पुस्तकात स्पष्ट लिहिले होते की लागोपाठ उलटणारी शेळी पोसणे हा तोटा होय. ती काढून टाकावी. ऑगस्टच्या मध्याला मी तिच्या नावापुढे ‘भाकड, विकणे’ असा शेरा लिहिला आणि बाजाराच्या दिवशी तिला घेऊन गेलो. भाकड म्हणून विकलेली शेळी कोणाच्या हाती जाते हे सांगावयास नको. आत्या त्या दिवशी काही बोलली नाही. तिने सगुणाला भाकरीचा तुकडा घातला, दोर माझ्या हाती दिला आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर आठ दिवसांनी शेजारच्या वाड्यावरची आक्का आली. आक्काचा सारा जन्म शेळ्यामेंढ्यांमागे गेलेला. तिला अक्षर येत नाही. मी तिला वही उघडून सारी परिस्थिती समजावून सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली, बोकडाकडे एकदा पाहिले आणि ती म्हणाली, “मास्तर, बीच किडकं आसंल तर रानानं काय करावं? येक उलटली तर शेळी बगावी. समद्याच उलटल्या तर बोकड बगावा.”

मी दुसऱ्याच दिवशी पशुवैद्यांना बोलावून आणले. त्यांनी बोकडाचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात एकही जंतू नव्हता. “ताप वगैरे येऊन गेला होता का?” त्यांनी विचारले, कारण बोकडाच्या शरीरात बीज तयार होण्यास सुमारे ४८ दिवस लागतात, आणि आज आलेल्या आजाराचा परिणाम पुढे दीड-दोन महिने दिसत राहतो. तसे काही झाले नव्हते. मग त्यांनी बोकडाच्या डोक्यावरून हात फिरविला आणि विचारले, “याचे आईबाप दोन्ही भुंडे होते काय?”

ज्या गोष्टीसाठी मी अधिक पैसे मोजले होते तीच दोषाची खूण असावी, हे ऐकून मी थक्क झालो. शेळ्यांमध्ये शिंगे नसण्याचा गुण आणि प्रजननातील वैगुण्य यांची गाठ निसर्गाने एकत्र बांधलेली आहे. तो गुण एकाच बाजूने आला तर काही बिघडत नाही. पण आई आणि बाप या दोघांकडूनही आला, तर मादी म्हणून जन्मावयाचे पिल्लू धड शेळीही होत नाही व धड बोकडही होत नाही, आणि नर असला तर कित्येकदा त्याच्या बीजवाहिनीची वाट पुढे बंद होते. १९४४ साली ॲस्डेल नावाच्या शास्त्रज्ञाने या दोन गोष्टींचा संबंध असावा असे दाखविले, आणि २००१ साली फ्रान्समधील संशोधकांनी गुणसूत्राचा कोणता तुकडा गळून पडल्यामुळे असे घडते ते शोधून काढले. म्हणून जाणते लोक शेळी भुंडी असेल तर बोकड शिंगाचा घेतात. हे सर्व छापलेले होते. मीच ते वाचले नव्हते. कारण मी जी प्रकरणे मन लावून वाचली ती सारी शेळ्यांच्या दोषांची होती.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी वही घेऊन बसलो होतो. आत्या भांडी आवरीत होती. मी म्हणालो, “आत्या, सगुणा भाकड नव्हती.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, “दादा, शेरा लिहिण्याअगोदर एकदा बोकड बदलून पाहावयाचा होतास.”

एवढेच ती बोलली. पण माझ्या हातातली लेखणी थांबली. १९७४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आत्या सासरहून एक ट्रंक घेऊन परत आली होती. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. त्या सहा वर्षांत मी स्वतः तिला किती दवाखान्यांत नेले, किती वैद्यांचे काढे दिले, आईने तिला किती उपास करावयास लावले, याची गणती नाही. प्रत्येक ठिकाणी तिच्यात काही ना काही कारण सापडले : अशक्तपणा, उष्णता, ग्रहमान. तिच्या नवऱ्याला तपासावे असे एकाही माणसाने म्हटले नाही, आणि त्या माणसांत मी पहिला होतो. मी पदवीधर होतो, शहरात राहत होतो, आणि तशी तपासणी तेव्हाही होत असे. पुढे त्या गृहस्थांनी दुसरे लग्न केले. तिलाही मूल झाले नाही. ही बातमी आमच्या घरी आली तेव्हा आम्ही सर्वांनी ती ऐकली आणि कोणीही काही बोलले नाही. दोन अधिक दोन ही बेरीज मला येत नव्हती असे नाही. ती मांडली असती तर उत्तर माझ्याच अंगावर आले असते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, हे आज कोणत्याही दवाखान्यात सांगतात. आमच्या घराने आपल्या मुलीच्या नावापुढे एक शेरा लिहिला आणि चौतीस वर्षे तो कधी खोडला नाही.

मी तिची क्षमा मागितली काय? मागितली. पण ज्या वयात त्या क्षमेचा काही उपयोग झाला असता ते वय केव्हाच मागे पडले होते. ती म्हणाली, “आता ते असू दे. आक्काचा बोकड केव्हा आणावयाचा ते सांग.”

आक्काचा बोकड सप्टेंबरच्या आरंभी आला. काळापांढरा, उंच, मागे वळलेल्या मोठ्या शिंगांचा, स्वभावाने पक्का उर्मट. त्याने पहिल्याच दिवशी मला कुंपणावर रेटले. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सतरांपैकी पंधरा शेळ्या व्यायल्या आणि बावीस करडे झाली. ज्या म्हातारीला मी म्हातारी म्हणून नापास केले होते तिला जुळी झाली. आत्या रात्र रात्र गोठ्यात बसे. करडाचे नाक पुसावे, नाळेला औषध लावावे, तासाभराच्या आत त्याला आईचा चीक पाजावा, यात तिला दुसरे काही सुचत नसे. मी कंदील धरून उभा राही. वहीत आता बोकडाचा रकाना सर्वांत पहिला आहे. शेऱ्याचा रकाना मी काढून टाकला.

दोन वर्षांमागे माझा एक जुना विद्यार्थी आपल्या आईला घेऊन भेटावयास आला. लग्नाला चार वर्षे झाली, घरात पाळणा हलला नाही, सुनेला कोठे दाखवावे, असे त्याची आई विचारीत होती. आत्या चहा घेऊन आली आणि दाराशी थांबली. मी त्या मुलाला उत्तर दिले नाही; माझ्या भुंड्या बोकडाची गोष्ट सांगितली. तो हुशार विद्यार्थी होता. त्याने मान खाली घातली आणि चहा संपताच तो म्हणाला, “गुरुजी, मी उद्या आधी स्वतःच जाऊन येतो.” त्याचे पुढे काय झाले ते सांगण्याचा अधिकार त्याचा आहे, माझा नाही. पण ते दोघे गेल्यावर आत्याने माझा रिकामा कप उचलला आणि न विचारता त्यात पुन्हा चहा ओतला.