कोल्हापूर : भाड्याच्या घरासाठी वस्ती निवडताना

कोल्हापूरला भाडेकरू नवा नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1901 पासून येथे विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतील मुलांची शहरात राहण्याची सोय झाली. पुढे 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींनी कामगार आणि अभियंते आणले. त्यामुळे निवृत्तीच्या रकमेतून एखादी सदनिका घेऊन भाड्याने द्यावी, असा विचार अनेक घरांत होतो. ही रक्कम आयुष्यभराच्या नोकरीची असते. म्हणून सदनिकेआधी वस्ती पारखावी.

पहिली पारख पंचगंगेची. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, तर 43 फूट ही धोका पातळी. 2019 व 2021 च्या महापुरांत नदीने 55 फुटांची मर्यादाही ओलांडली. नदीचे आणि नाल्यांतून मागे फुगलेले पाणी शाहूपुरीतील कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी आणि नागाळा पार्कच्या सखल भागात शिरले. शाहूपुरी ही 1895 मध्ये वसवलेली व्यापारी पेठ. रेल्वे स्थानक व बसस्थानक जवळ असल्याने भाडेकरूंची पसंती तिला आजही आहे. परंतु एकाच पेठेतील दोन गल्ल्यांचे दैव वेगळे असते. निळी व लाल पूररेषा नकाशावर पाहावी आणि जुन्या दुकानदारास पाणी कोठवर आले होते तेही विचारावे.

दुसरी पारख भाडेकरूच्या दिनक्रमाची. विद्यार्थ्याला विद्यापीठ, खानावळ आणि बस हवी. तो सुट्टीत खोली सोडतो. औद्योगिक वसाहतीतील नोकरदाराला उचगाव, उजळाईवाडी सोयीचे. तेथे पाण्याचा स्रोत आधी तपासावा. मुलांच्या शाळेसाठी आलेले कुटुंब राजारामपुरीसारख्या ठिकाणी अनेक वर्षे टिकते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत शेजार जिव्हाळ्याचा, पण अरुंद बोळांत वाहन लावायला जागा अपुरी.

तिसरी पारख हिशेबाची. समजा, 40 लाखांच्या सदनिकेस दरमहा 12,000 रुपये भाडे मिळते. वार्षिक 1,44,000 रुपये, म्हणजे 3.6 टक्के. त्यातून सोसायटीचे 18,000, घरफाळ्याचे 10,000 आणि एक महिना जागा रिकामी राहिल्याचे 12,000 रुपये वजा जाता 1,04,000 रुपये उरतात, परतावा 2.6 टक्के. उद्या किंमत वाढेल ही आशा बाळगावी, पण महिन्याचा घरखर्च तिच्यावर अवलंबून ठेवू नये. ज्यांना भाड्यावरच गुजराण करायची आहे, त्यांनी सारी पुंजी एका घरात अडकवणे धोक्याचे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ओळखीच्या माणसाशीही करार करावा. त्याने संबंध बिघडत नाहीत, उलट टिकतात.

व्यवहारापूर्वी ती वस्ती एकदा भर पावसात आणि एकदा सायंकाळी सातनंतर पायी फिरून पाहावी. दिवे, गटारे, पाण्याची वेळ आणि एकट्या मुलीला तेथून निर्धास्त चालता येते का, हे पाहावे. जेथे आपल्या घरच्या माणसास ठेवण्यास मन धजावत नाही, तेथे दुसऱ्यासाठीही घर घेऊ नये.